‘बाय’ (घ्या) म्हणणाऱ्या तज्ज्ञाची उलटतपासणी : टेक कंपनीच्या शेअरवरचं मत कसं तपासायचं

१८ नोव्हेंबर २०२१. पेटीएमचा शेअर बाजारात आला आणि २,१५० रुपयांच्या इश्यू प्राइसवरून (लोकांना पहिल्यांदा विकला तो भाव) पहिल्याच दिवशी घसरून सुमारे १,५६४ वर बंद झाला. १८,३०० कोटींचा तो इश्यू त्या वेळपर्यंतचा देशातला सर्वांत मोठा होता. अँकर गुंतवणूकदारांनी (इश्यू सर्वांसाठी उघडण्याआधी मोठी रक्कम लावणारे) सव्वाआठ हजार कोटी ओतले होते आणि त्यांत जगातले नावाजलेले फंड होते. त्याच दिवशी मॅक्वारी या ब्रोकरेजचा अहवाल आला. त्यात रेटिंग ‘अंडरपरफॉर्म’ (बाजाराच्या मागे पडेल) होतं आणि टार्गेट, म्हणजे अपेक्षित भाव, १,२००. म्हणजे एकाच कंपनीवर, एकाच आठवड्यात, दोन्ही बाजूंना पोटापाण्यासाठी हेच काम करणारी माणसं होती.

अशा वेळी ‘कोणाचं ऐकायचं?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. तज्ज्ञ बाजूला ठेवून त्याचं मत सुटं करता येतं. दावा काय, हितसंबंध कोणता, आकडा कुठला आणि आजचा भाव खरा ठरायचा तर पुढे काय घडावं लागेल, एवढे भाग वेगळे काढायचे. एका कंपनीसाठी पहिल्यांदा तीन-चार तास जातात, सरावानंतर दीड तास पुरतो.

आधी मत वहीत उतरवा

एका पानावर सात गोष्टी लिहा : बोलणाऱ्याचं नाव, तारीख, त्या दिवशीचा भाव, टार्गेट, मुदत, एका वाक्यात कारण, आणि काय घडलं तर हे मत चुकलं असं म्हणायचं. बहुतेक मतं या पानावरच गळतात. ‘लाँग टर्मसाठी चांगला आहे’, ‘डिपवर (भाव पडला की) घ्या’, ‘डिजिटल इंडियाचा खेळ आहे’ यांत भाव नाही, मुदत नाही, चुकण्याची सोय नाही. ते मत नव्हेच, त्यामुळे पुढच्या तपासणीत वेळ घालवू नका.

तारीख का लागते, ते झोमॅटोवरून (आताची इटर्नल) दिसतं. जुलै २०२१ मध्ये इश्यू ७६ रुपयांना आला. मूल्यांकनाचे प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी इश्यूआधी शेअरची किंमत सुमारे ४१ रुपये काढली होती. लिस्टिंगच्या दिवशी भाव १२५ च्या आसपास बंद झाला, त्याच नोव्हेंबरात १६९ पर्यंत गेला, आणि जुलै २०२२ मध्ये जुन्या गुंतवणूकदारांचा लॉक-इन (शेअर न विकण्याची मुदत) सुटला तेव्हा ४१ च्या घरात आला. डिसेंबर २०२४ मध्ये तोच शेअर ३०० च्या पुढे होता. मग दामोदरन चुकले की बरोबर ठरले? तुम्ही कोणत्या दिवशी विचारता त्यावर आहे. त्यांचं मत उपयोगी ठरलं ते वेगळ्याच कारणाने : त्यांनी गणिताची स्प्रेडशीट जाहीर केली होती. बाजार किती वाढेल, कंपनीचा वाटा किती, मार्जिन (उत्पन्नातून उरणाऱ्या नफ्याचं प्रमाण) किती, हे प्रत्येक गृहीतक डोळ्यांसमोर होतं आणि पुढे त्यातलं कुठलं मोडलं ते तपासता येत होतं. नुसता आकडा देणाऱ्याच्या बाबतीत ही सोय नसते.

नोंदणी : दहा मिनिटांचं काम, पण नीट करा

भारतात शेअरवर शिफारस करणाऱ्याकडे सेबीची (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते, तिचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो. फी घेऊन व्यक्तिगत सल्ला देणाऱ्या इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजरचा ‘आयएनए’ने. म्युच्युअल फंड विक्रेत्याकडे ‘एआरएन’ असतो, आणि शेअरवर शिफारस करायचा परवाना तो नव्हे. ही गल्लत सर्रास होते.

क्रमांक दिसला म्हणून थांबू नका, कारण खरा क्रमांक चोरून खोट्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डकवणं हा आता रोजचा प्रकार झाला आहे. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी उघडा, क्रमांक टाका, आणि तिथल्या नोंदीतला ईमेल व फोन तुमच्याकडे आलेल्या संपर्काशी ताडून पाहा. जुळत नसेल तर विषय संपला. पैसे भरायची वेळ आली तर ऑक्टोबर २०२५ पासूनची ‘सेबी चेक’ सुविधा वापरा. तिथे समोरच्याचं बँक खातं किंवा यूपीआय आयडी खरोखर नोंदणीकृत मध्यस्थाचा आहे का, ते कळतं. व्हिडिओवरही भरवसा ठेवू नका. एनएसईच्या प्रमुखांचा डीपफेक वापरून शेअर सुचवणारे व्हिडिओ फिरले तेव्हा, एप्रिल २०२४ मध्ये, खुद्द एनएसईला सावधगिरीचं पत्रक काढावं लागलं होतं.

‘आम्ही फक्त शिक्षण देतो’ म्हणणाऱ्यांसाठी एक साधी खूण आहे. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार केवळ शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतला भाव वापरून शेअरबद्दल बोलायचं नाही. आलेखातल्या कालच्या कँडलवर (दिवसाचा भाव दाखवणारी पट्टी) बोट ठेवून ‘हे फक्त शैक्षणिक’ म्हणणारा शिक्षक नव्हे, विनापरवाना सल्लागार समजा.

नोंदणीचा अर्थ एवढाच की माणूस कोण ते ठाऊक आहे आणि त्याची तक्रार करता येते. त्याचं मत बरोबर असल्याची ती हमी नाही.

हितसंबंध : अहवाल शेवटाकडून वाचायला घ्या

ब्रोकरेजचा अहवाल पहिल्या पानावरच्या मोठ्या अक्षरांतल्या टार्गेटपासून वाचण्याची सवय मोडा. आधी शेवटची दोन-तीन पानं उघडा, जिथे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘डिस्क्लोजर’ असतं. सेबीच्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांनुसार तिथे सांगावंच लागतं : ॲनालिस्टचा, त्याच्या नातेवाइकांचा किंवा फर्मचा त्या कंपनीत आर्थिक हितसंबंध आहे का, आधीच्या महिनाअखेरीस एक टक्का किंवा जास्त हिस्सा होता का, गेल्या बारा महिन्यांत फर्मने त्या कंपनीचा इश्यू सांभाळला का, त्या कंपनीकडून काही मोबदला घेतला का. बारा महिन्यांतल्या इश्यूपुढे ‘होय’ असेल तर अहवाल फेकू नका. मात्र त्यातलं टार्गेट खोडा आणि फक्त आकडेवारी वापरा. कंपनीची माहिती अशा अहवालांत बरेचदा सर्वांत भरघोस असते. ॲनालिस्टवर स्वतःच्या व्यवहारांचंही बंधन आहे : अहवालाआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरमध्ये त्याला व्यवहार करता येत नाही.

हे नियम हवेतून आलेले नाहीत. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीत जे ईमेल बाहेर आले, त्यांत जाहीरपणे चांगलं रेटिंग दिलेल्या इंटरनेट शेअरला ॲनालिस्ट खासगीत कचरा म्हणत होते. एप्रिल २००३ मध्ये वॉल स्ट्रीटच्या दहा फर्मनी सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड केली. संशोधन आणि इश्यूचा धंदा एकाच छताखाली असला की काय होतं, ते तिथे कागदावर आलं.

टीव्हीचं वेगळंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका बिझनेस चॅनेलवरच्या पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. आरोप असा की शिफारस प्रसारित होण्याआधीच ती काही व्यापाऱ्यांना कळे, ते आधी खरेदी करत आणि प्रेक्षक तुटून पडले की विकून मोकळे होत. म्हणून नियम साधा ठेवा : टीव्हीवर किंवा यूट्यूबवर नाव ऐकल्या दिवशी घ्यायचं नाही. किमान दोन सत्रं जाऊ द्या. कंपनी खरंच पाच वर्षं धरून ठेवण्याजोगी असेल तर दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

इश्यूच्या वेळी आणखी एक नोंद करा : विकतोय कोण? पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी ‘ऑफर फॉर सेल’ होते, म्हणजे ते पैसे कंपनीत नव्हे, जुन्या भागधारकांच्या खिशात जाणार होते. झोमॅटोच्या ९,३७५ कोटींत तोच भाग फक्त ३७५ कोटींचा होता. विकणारा वाईटच असतो असं नाही, जुन्या फंडांना कधीतरी बाहेर पडावंच लागतं. पण ‘कंपनीच्या वाढीसाठी भांडवल’ असं कोणी सांगत असेल तर हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

मूळ कागद : कोणती पानं उघडायची

प्रॉस्पेक्टस (आरएचपी) सेबीच्या संकेतस्थळावर फायलिंग्ज विभागातल्या पब्लिक इश्यूंमध्ये मिळतो. पाचशे पानं पाहून घाबरायचं कारण नाही. ‘रिस्क फॅक्टर्स’मधल्या पहिल्या पंधरा जोखमी, ‘ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर’, ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’, तीन वर्षांचा नफा-तोटा व कॅश फ्लो, आणि खटल्यांचा भाग एवढं पुरतं. नोव्हेंबर २०२२ पासून ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’मध्ये कंपनीला आपले मुख्य निर्देशांक, म्हणजे केपीआय, आणि आधीच्या मोठ्या खरेदी-विक्रीतला भावही द्यावा लागतो. दीड वर्षापूर्वी बड्या गुंतवणूकदाराने काय भावाने घेतलं आणि तुम्हाला काय भावाने देताहेत, ते तिथे समोरासमोर दिसतं.

लिस्ट झालेल्या कंपनीसाठी बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर निकाल (पहिल्या तीन तिमाहींचे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वर्षअखेरीचे ६० दिवसांत), भागधारणेचा तक्ता (२१ दिवसांत) आणि कॉन्फरन्स कॉलची (व्यवस्थापन ॲनालिस्टशी बोलतं तो) लेखी प्रत (पाच कामकाजी दिवसांत) येते. कॉलच्या प्रतीत व्यवस्थापनाचं भाषण सोडा आणि थेट प्रश्नोत्तरं वाचा. एखाद्या ॲनालिस्टने नेमका आकडा विचारला आणि उत्तर ‘ती माहिती आम्ही देत नाही’ किंवा ‘त्यावर नंतर बोलू’ असं आलं, तर तो प्रश्न तुमच्या वहीत गेला पाहिजे.

उलटं गणित : सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

तज्ज्ञ सांगतो की कंपनी वाढेल आणि म्हणून भाव इतका होईल. आपण उलट दिशेने यायचं : हा भाव रास्त ठरायचा तर कंपनीला किती वाढावं लागेल?

पेटीएमचंच घ्या. २,१५० रुपयांना कंपनीचं एकूण मूल्य सुमारे १.३९ लाख कोटी होत होतं. २०२०-२१ चं कामकाजातलं उत्पन्न २,८०२ कोटी आणि तोटा १,७०१ कोटी. तोट्यातल्या कंपनीला पीई (भाव भागिले नफा) नसतो, म्हणून किंमत भागिले उत्पन्न काढू : जवळजवळ ५० पट.

आता उदार होऊन गृहीत धरा की कंपनी स्थिरावली की बाजार तिला ३० चा पीई देईल आणि १०० रुपयांच्या उत्पन्नावर २० रुपये निव्वळ नफा उरेल. पेमेंटच्या धंद्यात हे खरंच उदार आहे, कारण जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही.

१. १.३९ लाख कोटी ÷ ३० = सुमारे ४,६३० कोटी नफा लागतो.
२. ४,६३० ÷ ०.२० = सुमारे २३,१५० कोटी उत्पन्न, म्हणजे सवाआठ पट. पाच वर्षांत गाठायचं तर दरवर्षी सुमारे ५३ टक्के वाढ, आणि एवढं करूनही भाव जागच्या जागी.
३. तुम्हाला वर्षाला १२ टक्के परतावा हवा असेल तर पाच वर्षांनी मूल्य १.७६ पट, म्हणजे सुमारे २.४५ लाख कोटी हवं. त्यासाठी नफा सुमारे ८,१५० कोटी, उत्पन्न सुमारे ४०,८०० कोटी आणि वाढ दरवर्षी ७१ टक्के.

यात नवीन शेअर आणि कर्मचाऱ्यांचे ईसॉप (मोबदला म्हणून मिळणारे शेअर) यांनी होणारी वाटणी धरलेली नाही. ती धरली तर आकडा आणखी चढतो.

आता पुढे प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. २०२३-२४ मध्ये उत्पन्न ९,९७८ कोटी झालं, म्हणजे तीन वर्षं सरासरी सुमारे ५३ टक्के वाढ. ‘कंपनी झपाट्याने वाढेल’ म्हणणारे तज्ज्ञ शब्दशः बरोबर ठरले! तरी शेअर इश्यू प्राइसच्या आसपासही नव्हता, कारण भावात याहून मोठी वाढ आधीच भरलेली होती आणि नफा तर आलाच नव्हता. तज्ज्ञ कंपनीबद्दल बरोबर आणि शेअरबद्दल चूक, असं एकाच वेळी असू शकतं. टेक कंपन्यांत ते फार वेळा असतं.

गणित मांडून झालं की तीन प्रश्न लिहा. एवढी वाढ पाच वर्षं टिकवलेली दुसरी कोणती भारतीय कंपनी आहे? एवढ्या उत्पन्नासाठी तो बाजारच पुरेसा मोठा आहे का? मार्जिन २० ऐवजी १० आलं तर? शेवटचं करून पाहा : लागणारं उत्पन्न सरळ दुप्पट होतं. अहवालातलं टार्गेट या एका आकड्यावर उभं असतं आणि त्याचं समर्थन बहुधा दोन ओळींत उरकलेलं असतं.

नफ्याच्या पुढची विशेषणं

डिसेंबर २०२२ ला संपलेल्या तिमाहीत पेटीएमने ‘ऑपरेटिंग प्रॉफिटॅबिलिटी’ गाठल्याचं जाहीर केलं. ‘ईसॉपचा खर्च वगळून एबिटडा’ (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) ३१ कोटी. त्याच तिमाहीचा निव्वळ तोटा ३९२ कोटी. दोन्ही आकडे खरे, दोन्ही त्याच निकालात. ईसॉपमधून रोख जात नाही हे बरोबर, पण तुमच्या हिश्श्यातला तुकडा जातो. तज्ज्ञ यातला कोणता आकडा वापरतो ते पाहा आणि पहिला वापरत असेल तर वहीत दुसराही लिहा.

ग्राहकसंख्येचंही असंच. मार्च २०२१ अखेर कंपनीचे ग्राहक ३३.३ कोटी, पण वर्षभरात एकदा तरी व्यवहार केलेले ११.४ कोटी. टीव्हीवर बहुधा पहिला आकडा ऐकू येतो. ‘जीएमव्ही’ (ॲपवरची एकूण उलाढाल) हाही असाच शब्द. ४.०३ लाख कोटींची उलाढाल ॲपवरून गेली, पण त्यातून कंपनीच्या हाती आलेलं उत्पन्न शंभर रुपयांमागे जेमतेम ७० पैसे. दुकानाच्या गल्ल्यातून किती नोटा गेल्या याला मालकाची कमाई कोणी म्हणत नाही, पण ॲप आलं की म्हणतात.

रोख शिलकीचीही तपासणी करा. मिळालेलं व्याज भागिले सरासरी शिल्लक, आणि आलेला दर मुदत ठेवीच्या दराशी ताडा. नफा-तोट्यातलं ‘येणं’ व्याज न पाहता कॅश फ्लो तक्त्यातलं ‘मिळालेलं व्याज’ घ्या. सत्यम कॉम्प्युटर्सच्या पुस्तकांत सप्टेंबर २००८ अखेर ५,३६१ कोटींची रोख व बँक शिल्लक होती, त्यातली ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हती आणि वर ३७६ कोटी ‘येणं’ व्याजही बनावट होतं. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनीच कबुली दिली. त्याआधी काही महिने कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता आणि ऑडिटर जगातल्या चार बड्यांपैकी एक होता. पुरस्कार आणि ऑडिटरचं नाव यांना वहीत शून्य गुण.

कंपनी कशावर बंद पडू शकते?

एक नियामक, एक ग्राहक, एक प्लॅटफॉर्म : धंद्याचा गळा कोणाच्या हातात आहे ते लिहा. पेटीएम पेमेंट्स बँकेचा ४९ टक्के हिस्सा पेटीएमकडे होता आणि वॉलेटपासून क्यूआरपर्यंत बरंच काही तिच्यातून चालत होतं. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला नवे ग्राहक घ्यायला मनाई केली. ३१ जानेवारी २०२४ ला नव्या ठेवी आणि टॉप-अपवरच बंदी आली. ७६१ चा शेअर पुढच्या दोन सत्रांत ४८७ वर. पहिल्या आणि दुसऱ्या आदेशात जवळजवळ दोन वर्षं होती. या दोन वर्षांतला कोणताही ‘बाय’ अहवाल उघडा आणि आरबीआयच्या मनाईवर किती ओळी खर्च केल्या आहेत ते मोजा. हीच कसोटी दुसऱ्या कुठल्याही कंपनीला लागू करा : सर्वांत मोठ्या धोक्याला तज्ज्ञाने अर्धं पान दिलं, की ‘जोखीम : नियामक बदल’ एवढंच?

मॅक्वारीवरही हाच न्याय. त्यांचं १,२०० आधी गाठलं गेलं, मग टार्गेट खाली-वर होत राहिलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये २७५ पर्यंत आलं. भाव त्याच वर्षी मे महिन्यात ३१० च्या आसपास तळाला टेकला, आणि २०२५ मध्ये हजाराच्या वर होता. पहिल्या दिवशी बरोबर ठरलेला माणूस तळालाही बरोबर असेलच असं नाही.

मागची कामगिरी मोजायची तर

‘दहापैकी सात टिप बरोबर’ ऐकलं की लगेच विचारा : चुकलेल्या तीनमध्ये किती गेले? सातांत ८-८ टक्के मिळाले आणि तिघांत ४०-४० टक्के बुडाले तर सरासरी उणे ६.४ टक्के. टेलिग्रामवर दाखवतात त्या स्क्रीनशॉटचा उपयोग नाही, कारण चुकलेले मेसेज पुसलेले असतात. तारखेसह सगळ्या शिफारशी मिळत असतील तरच मोजा. प्रत्येकीसमोर त्याच काळातला निफ्टीचा (लाभांशासह) परतावा लिहा, आणि बाजार पडत होता त्या वर्षातल्या शिफारशी वगळू देऊ नका. यादी मिळत नसेल तर रकान्यात ‘अज्ञात’ लिहा. ‘बरा असेल’ असं नाही.

तंत्रज्ञानातल्या माणसाचं मत स्वतंत्र रकान्यात ठेवा. आयटीत वीस वर्षं काढलेला मेहुणा ‘प्रॉडक्ट एक नंबर आहे’ म्हणतो तेव्हा प्रॉडक्टपुरतं त्याचं ऐकायलाच हवं, ते बहुतेक ॲनालिस्टना कळत नाही. भावाबद्दल त्याने काही सांगितलेलं नसतं, आपणच तसं ऐकतो.

शेवटी त्याच कंपनीवरचा एक विरोधी अहवाल शोधून वाचा आणि दोघांचं भांडण नेमकं कोणत्या आकड्यावर आहे ते वहीत लिहा. बहुधा ते मार्जिनवर किंवा वाढीच्या मुदतीवर असतं, बाकी सगळं दोघांनाही मान्य असतं. पुढच्या चार तिमाहींच्या निकालांत फक्त तोच आकडा पाहायचा. पानाच्या तळाशी चार रकाने आखून ठेवा आणि निकालाच्या संध्याकाळी चॅनेल लावण्याआधी भरा.

नोंदणीकृत माणसाने फसवलं तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर तक्रार टाका. समोरच्याला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोंदणी नसलेल्याने पैसे उकळले असतील तर ‘स्कोअर्स’ची वाट पाहू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवायचा असतो, आणि स्क्रीनशॉट, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, ग्रुपचं नाव हातात ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या, नंतर तो मिळेलच असं नाही.